रोगी एक, वह्या दोन

आपल्या घरातील एखाद्या फडताळात औषधांच्या चिठ्ठ्यांची एक पिशवी असेलच. रक्ततपासणीचे कागद, छातीचे क्ष-किरण चित्र, कोणा डॉक्टरांनी घाईघाईने लिहिलेली चिठ्ठी, सरकारी दवाखान्याचा केसपेपर असे सारे तिच्यात एकत्र नांदत असते. दिवाळीपूर्वी घर आवरताना ही पिशवी अडगळ वाटू लागते. वस्तुतः रोग्याची संपूर्ण हकीकत जर कोठे असेल, तर ती याच पिशवीत असते; कोणत्याही एका दवाखान्यात ती नसते. आज त्या पिशवीविषयीच आपल्याशी बोलावयाचे आहे.

असे समजा, की खानदेशातून सुरतेस गेलेला एक यंत्रमाग कामगार आहे. त्याला खोकला लागतो. तो गल्लीतल्या डॉक्टरांकडून बाटली आणतो. दोन आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू होतो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो व इंजेक्शन घेऊन येतो. तिसरे डॉक्टर मात्र थुंकी तपासून क्षयाचे निदान करतात. तो दोन महिने पदरच्या पैशांनी गोळ्या घेतो. पैसे संपतात, कामही सुटते. तेव्हा गावी परततो. अंगात थोडी शक्ती आलेली असते, म्हणून महिनाभर गोळ्यांवाचून जातो. खोकला पुन्हा उसळतो. मग तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि संकोचापोटी मागील उपचारांविषयी एक अक्षरही बोलत नाही. तेथे नवा रोगी म्हणून त्याचे नाव लागते आणि सहा महिन्यांनी नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडतो.

आता प्रत्येकाची वही उघडून पाहा. पहिल्या दोन डॉक्टरांच्या मते रोगी परत आला नाही, त्या अर्थी त्याला गुण आला. तिसऱ्यांच्या वहीत दोन महिन्यांचे उपचार नियमित दिसतात. सरकारी नोंदवहीत तर तो यशस्वी रोग्यांत मोजला गेला. परीक्षेत सारेच उत्तीर्ण! परंतु निदानापूर्वी वाया गेलेले आठवडे आणि मध्यंतरी तुटलेला महिना कोणाच्या खाती लिहावयाचा? आणि या सर्व काळात त्याच्याच खोलीत निजणारे चार वर्षांचे मूल? ते तर कोणाच्याच वहीत नाही.

हे उदाहरण कल्पित असले, तरी परिस्थिती कल्पित नाही. भारतातील क्षयरोग्यांच्या निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे दिसू लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत सुमारे ५५ दिवस जातात आणि निदान होण्यापूर्वी रोगी सरासरीने दोनतीन ठिकाणी जाऊन येतो, असे त्यात आढळले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे रोगी प्रथम खाजगी डॉक्टरांकडेच गेले होते. म्हणजे दोन व्यवस्थांतून जाणारा रोगी हा अपवाद नव्हे. आपल्या देशात ती जवळजवळ रीतच आहे.

मग गुणवत्ता मोजावयाची कशी? नेहमीची पद्धत अशी, की प्रत्येक संस्थेने आपल्या दारात आलेले रोगी मोजावेत आणि त्यांतील बरे किती झाले ते सांगावे. या पद्धतीत दाराबाहेर राहिलेला माणूस हिशेबातूनच गळतो. २०१३ सालच्या परिस्थितीवर आधारलेला एक अंदाज पाहा. सरकारी कार्यक्रमाच्या वाट्यास येणाऱ्या दर १०० रोग्यांपैकी ५३ जणांची उपचारांसाठी नोंदणी झाली, ४५ जणांनी उपचार पुरे केले आणि त्यानंतर वर्षभर रोग न उलटता सुखरूप राहिले ते ३९. आता ५३ पैकी ४५ म्हटले, तर काम उत्तम वाटते. १०० पैकी ३९ म्हटले, तर मन चरकते. दोन्ही आकडे त्याच हिशेबातले आहेत. फरक एवढाच, की पहिला नोंदवहीपासून मोजला आहे आणि दुसरा रोग्यापासून.

खाजगी व्यवस्थेचे मोजमाप आणखी अवघड, कारण पुष्कळ काळ तेथील रोग्यांची नोंदच होत नसे. म्हणून संशोधकांनी आडवाटेने शोध घेतला. २०१४ सालची औषधविक्री तपासली, तेव्हा सरकारी कार्यक्रमाच्या सुमारे दुप्पट क्षयोपचार खाजगी क्षेत्रात होत असल्याचे दिसले. मुंबई व पाटणा या शहरांत २०१४-१५ मध्ये क्षयाची लक्षणे सांगण्यास शिकविलेली निरोगी माणसे रोगी म्हणून खाजगी डॉक्टरांकडे पाठविण्यात आली. अशा भेटींपैकी सुमारे एकतृतीयांश भेटींतच योग्य ती कारवाई झाली. हा डॉक्टरांना दोष देण्याचा विषय नव्हे. पण न मोजलेली उणीव कोणी भरून काढीत नाही, हे मात्र खरे.

रोग्याच्या मागे चालत जाऊन मोजण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९५६ साली मद्रास येथे एक प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला. काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच औषधे देण्यात आली. अभ्यासकांनी वर्षभराच्या उपचारांनंतर वही मिटली नाही. त्यांनी उपचारांच्या वर्षासह एकूण पाच वर्षे त्याच माणसांचा माग ठेवला आणि घरातील मंडळींनाही तपासले. घरी राहून घेतलेले उपचार जवळजवळ तितकेच गुणकारी ठरतात आणि त्यामुळे कुटुंबियांचा धोका वाढत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. खाट मोजण्याऐवजी माणूस मोजला, म्हणून ते उत्तर मिळाले.

याच विचाराने २०१२ साली ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी खाजगी डॉक्टरांनाही क्षयरोग्याची नोंद कळविणे बंधनकारक करण्यात आले. नोंदलेल्या रोग्याला एक क्रमांक मिळतो. तो गाव बदलो वा डॉक्टर बदलो, क्रमांक तोच राहू शकतो. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यात येत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेणारा नोंदणीकृत रोगीही या साहाय्यास पात्र असतो.

परंतु क्रमांक मिळाला म्हणजे मोजमाप आपोआप खरे होते, असे नाही. विचारावयाचे प्रश्न बदलले पाहिजेत. पहिल्या खोकल्यापासून पहिल्या योग्य गोळीपर्यंत किती दिवस गेले? दार बदलताना गोळ्या किती दिवस तुटल्या? घरातील लहानथोरांची तपासणी झाली का? उपचार संपल्यावर वर्षाने माणूस कसा आहे? यांची उत्तरे एकट्या डॉक्टरांना वा एकट्या सरकारी केंद्राला देता येणार नाहीत. दोघांच्या वह्या जोडल्या तरच ती मिळतील.

यात आपल्या घराचाही वाटा आहे. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न अडेल, या भीतीने आपण नव्या डॉक्टरांपासून जुना आजार लपवितो. पूर्वी घेतलेली औषधे कळली नाहीत, तर कोणते औषध आता लागू पडणार नाही याचा संशय डॉक्टरांना वेळीच येत नाही. रोगाची बातमी गावभर सांगण्याचे कारण नाही. पण उपचार करणाऱ्यापाशी ती झाकून ठेवणे आपल्याच माणसाच्या जिवावर बेतू शकते.

तेव्हा ती पिशवी आज फडताळातून खाली काढा. कागद तारखेप्रमाणे लावा. वरच्या कोऱ्या पानावर खोकला केव्हा सुरू झाला, कोणत्या गोळ्या कोणत्या दिवसापासून घेतल्या, केव्हा थांबविल्या आणि ‘निक्षय’चा क्रमांक काय, हे स्वच्छ अक्षरात लिहा. त्याखाली घरात निजणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. अगदी लहान मुलाचेसुद्धा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना, मग तो सरकारी असो वा खाजगी, ते पान डॉक्टरांच्या हाती द्या आणि त्या मुलाची तपासणी केव्हा करावयाची, ते विचारल्याशिवाय उठू नका.