डब्यातला मासा केवढा होता?

गरोदर बाईला ‘हे खाऊ नको’ सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. पपई नको, अननस नको, वांगं नको, कुणाकडे तर तीळसुद्धा नको. यातलं बरंचसं हसून ऐकायचं आणि सोडून द्यायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण अलीकडे या यादीत माशातल्या पाऱ्याची भर पडलीय, विशेषतः पत्र्याच्या डब्यात बंद होऊन येणाऱ्या टूना माशातल्या पाऱ्याची. ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. मात्र तिचा अर्थ ‘मासे बंद’ असा लावला जातोय, तोही मला पटत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात ताजे मासे मिळत असताना डब्यातले कोण खातंय? खरं आहे. पण आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगेत हे डबे असतात. मोठ्या दुकानांत ते ओळीने मांडलेले दिसतात. व्यायामशाळेत जाणारी मुलं ‘प्रोटीन’ म्हणून आणतात. आणि कितीतरी जणींच्या लेकी-सुना परदेशात आहेत. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला पाचवा महिना लागला तेव्हा तिने फोनवर विचारलं, ‘‘मावशी, ऑफिसात टूनाचं सँडविच सोपं पडतं गं. सासूबाई म्हणतात मासे साफ बंद कर. डॉक्टर म्हणतात खा, पण बघून खा. कुणाचं ऐकू?’’ मी म्हटलं, डॉक्टरांचं ऐक. मग ‘बघून’ म्हणजे नेमकं काय बघायचं, ते आम्ही दोघींनी वाचून काढलं.

पहिली गोष्ट म्हणजे पारा डब्याच्या पत्र्यातून येत नाही. तो माशातच असतो. दगडी कोळसा जाळण्यातून, सोन्याच्या छोट्या खाणींतून पारा हवेत आणि पाण्यात जातो. पाण्यातले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते बारीक जीवांत शिरतं, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे खातात, आणि प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून मासा जितका मोठा, जितका म्हातारा आणि जितका शिकारी, तितका त्यात पारा जास्त. तो मांसातच मुरलेला असतो. हळद-मीठ लावा, कोकमाच्या आगळात बुडवा, कडकडीत तळा, तो जात नाही.

आणि त्याचा खरा घाव बसतो तो पोटातल्या बाळाच्या मेंदूवर. जपानमधल्या मिनामाताची गोष्ट म्हणूनच प्रत्येक बाईला ठाऊक असावी. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत जात होतं. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली, पण सांडपाणी थांबायला १९६८ उजाडलं. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता आणि त्यांची मुलं मात्र जन्मतःच पंगू होती. वार बाळाला विषापासून वाचवते, अशी तोवर डॉक्टरांची समजूत होती. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवायची रीत आहे. डॉ. मासाझुमी हारादा यांनी त्या जपलेल्या नाळा गोळा केल्या, आणि त्यांच्या तपासणीत पारा सापडला. आयांनी मायेने ठेवलेली आठवण अशी पुराव्याला आली. हे वाचताना मला पुढचं पान उलटवेना.

मिनामाता म्हणजे कारखान्याने केलेला विषप्रयोगच होता. टूनाच्या एका डब्याने असलं काही होत नाही, उगाच धास्ती घेऊ नका. पण डब्यांचाही इतिहास आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रूस मॅकडफी यांनी डब्यातला टूना तपासला, त्यात पारा निघाला आणि अमेरिकी सरकारने सुमारे दहा लाख डबे परत मागवले. तेव्हापासून तिथे मोजमाप चालू आहे. त्यांच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत ‘लाइट’ टूनात किलोमागे सरासरी ०.१३ मिलिग्रॅम पारा आढळला, तर ‘व्हाइट’ म्हणजे अल्बाकोर टूनात ०.३५. जवळजवळ तिप्पट! लाइट बहुधा स्किपजॅक या छोट्या जातीचा असतो, अल्बाकोर त्याहून मोठा. सामनच्या आणि तारलीच्या डब्यांत तर जेमतेम ०.०१. म्हणून तिथे गरोदर बाईला सांगतात की लाइट टूना, सामन, तारली असे कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला दोन-तीन वेळा खा, व्हाइट टूना खाल्लास तर आठवड्यात एकदाच, आणि मग त्या आठवड्यात दुसरा मासा नको. एक वेळ म्हणजे साधारण ११० ग्रॅम. शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल आणि बिगआय टूना मात्र वर्ज्य.

इथे नावांचा घोळ होतो. मॅकरेल म्हणजे बांगडा, म्हणून भाचीने बांगडासुद्धा बंद केला होता! किंग मॅकरेल ही आपल्या सुरमईची अमेरिकेतली बहीण. बांगड्याचा त्याच्याशी घरोबा नाही. बांगडा लहान मासा, बिनधास्त खावा. शार्क म्हणजे आपली मोरी किंवा मुशी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी मुद्दाम खाऊ घालतात, त्या घरांनी जरा विचार करावा. पारा आईच्या दुधातूनही थोडा उतरतो. हॉटेलात ‘इंडियन सामन’ म्हणून मिळतो तो आपला रावस, त्याचं खऱ्या सामनशी काही नातं नाही.

तिकडचे आकडे आपल्या माशांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडेही पाऱ्याचा प्रश्न आहेच. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ मध्येच लिहून ठेवलंय. पण छोटा मासा बरा हा नियम सगळीकडे सारखाच. गंमत बघा, ज्या तारली, मांदेली, बांगड्याला आपण पाहुण्यांसमोर ठेवायला लाजतो, तेच या हिशेबात वर आहेत.

आता सासूबाईंच्या ‘साफ बंद’बद्दल. माशातली चरबी बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना हवी असते, शिवाय प्रथिनं, आयोडीन. मासे खाणाऱ्या घरातल्या बाईचे मासे तोडायचे आणि बदल्यात तिला बिस्किटं द्यायची, हा कुठला न्याय? भीती घालणं सोपं असतं. कुठला मासा खायचा ते शोधून देणं जरा कष्टाचं, म्हणून ते कुणी करत नाही.

माझी खरी तक्रार डब्याबद्दल वेगळीच आहे. बाजारात कोळीण टोपली पुढे करते तेव्हा मासा केवढा आहे ते डोळ्यांना दिसतं. शंका आली तर तिला विचारता येतं, भांडताही येतं. डब्यात नुसते तुकडे. मासा केवढा होता, कुठल्या जातीचा होता, हे वरच्या कागदावर लिहिलं नसेल तर कळणार कसं? नुसतं ‘टूना’ लिहिलेला डबा गरोदर बाईसाठी आणि लहान मुलांसाठी मी तरी घेणार नाही. जात लिहिणं प्रत्येक कंपनीला भाग पाडलं पाहिजे आणि आपणही दुकानदाराला विचारत राहिलं पाहिजे, चार जणी विचारतील तर तो पुढे विचारेल.

मूल होऊ द्यायचा विचार असेल तर काळजी आधीपासूनच घ्यावी. शरीरातला पारा निम्मा व्हायलाच दीड-दोन महिने जातात. आणि डबाच हवा असेल तर तारल्यांचा घ्या. त्यातले काटे इतके मऊ असतात की चावून खाता येतात, तेवढंच कॅल्शियम. कांदा, मिरची, लिंबू घालून पोळीबरोबर छान लागतो. मीठ मात्र चाखून मगच घाला, डब्यात ते आधीच भरपूर असतं.