असईचा काटकोन

असईच्या लढाईवर लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा नदीच्या उतारापाशीच रेंगाळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने केळना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे पाहिली, तेथे उतार असणारच असा तर्क केला, आणि तो खरा ठरला. तर्क चतुर होता. परंतु त्यानंतर शिंद्यांच्या पायदळाने जे केले ते अधिक अवघड होते.

आजच्या जालना जिल्ह्याचा नकाशा समोर घ्यावा. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचे सैन्य केळनेच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. रांग नदीला समांतर होती. वेलस्ली मात्र पूर्वेकडून, तिच्या डाव्या बगलेवर आला. तेव्हा कवायती पलटणींचा सेनानी पोलमन याने सारी रांग फिरवली: एक टोक केळनेवर, दुसरे जुई नदीकाठच्या असई गावापाशी.

इतिहासग्रंथ याला ‘काटकोन’ म्हणतात. तो पडताळायला दहावीच्या भूमितीतला रेषेचा चढ पुरेसा आहे. चढ समान असतील तर रेषा समांतर; चढांचा गुणाकार −१ आला तर लंब. समजा, आलेखावर पहिली रांग पूर्वेकडे तीन घरे जाताना एक घर दक्षिणेला सरकते. तिचा चढ −१/३. नव्या रांगेचा चढ ३ आला, तरच काटकोन खरा. (रांग नेमकी पूर्व-पश्चिम मानली तर लंब रेषेचा चढ काढताना शून्याने भागावे लागते, तेथे हा नियम लावू नये.)

हीच कसोटी नद्यांना लावावी. केळना आणि जुई वरवर समांतर भासतात. तशा असत्या तर त्यांचा पूर्वेला संगमच झाला नसता. चढ भिन्न म्हणून मधली भूमी पूर्वेकडे निमुळती होत जाते. मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाला तेथे पसरायला जागा नव्हती. वेलस्लीला तेच हवे होते. पण उघडी बगल मिळेल ही त्याची अपेक्षा फोल ठरली. समोर आली ती तोफांची सरळ फळी.

शत्रू चालून येत असताना हजारो शिपाई आणि अवजड तोफा नव्वद अंशांत वळवणाऱ्या फौजेला ‘विस्कळीत’ म्हणणे अन्यायाचे आहे. श्रेय एकट्या पोलमनला देणेही अपुरेच. वळले ते शिपाई होते. ब्रिटिशांचे दीड हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. असईच्या फार जवळ सरकलेल्या ७४व्या पलटणीची तर दाणादाण उडाली. लढाई शिंद्यांनी गमावली, तरी त्यांचे कित्येक गोलंदाज तोफांपाशीच पडले.