सनद कोणाच्या नावावर?



गेल्या महिन्यात उल्हासनगर कॅम्प २ मध्ये बैठकीला गेले होते. तिथं बरॅकीत राहणाऱ्या एका अम्मांशी बोलणं झालं. फाळणीत आईच्या कडेवर बसून त्या सिंधमधून इथं आल्या. जन्मभर घरी पापड लाटले. आता गुडघे गेलेत. संडास घराबाहेर, पायऱ्या उतरून. म्हणून दिवस मावळल्यावर त्या पाणीच पीत नाहीत.

वृद्धांच्या प्रश्नांची चर्चा औषधं, विरंगुळा केंद्रं आणि मुलांवरचे संस्कार यांवरच थांबते. अम्मांचं म्हातारपण मात्र फार आधीच ठरलं होतं. निर्वासितांना मिळालेल्या खोलीची सनद नवऱ्याच्या नावानं झाली. पापडाच्या मजुरीला फंड नव्हता, पेन्शन नव्हती. नवरा गेल्यावर मुलानं पुढे केलेल्या कागदावर त्यांनी अंगठा दिला. आता घरात संडास बांधायचा तरी मुलाचीच मर्जी.

श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. मुलगा कमावता असला की आई अपात्र. तो तिच्या हातावर काही ठेवतो का, हे कोणी विचारत नाही. २००७ च्या कायद्यानं प्रांताकडे निर्वाहखर्च मागता येतो. हे सांगितलं तर अम्मा म्हणाल्या, "पोरावर केस करून राहू कुठे?"

आणखी एक पेच आहे. हाच कायदा सुनेला घराबाहेर काढायलाही वापरला गेला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वनिता प्रकरणात सांगितलं की, ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा राहत्या घरातला हक्क डावलता येणार नाही. निकाल योग्यच आहे. पण सुनेच्या बाजूनं लढताना सासू म्हणजे छळणारी, असंच आपण धरून चाललो. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मुलाकडून छळ सोसणाऱ्या आईलाही लागू आहे, हे किती गटांनी वस्तीत सांगितलं?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा कागद आणावा. त्यावर नाव कोणाचं, ते पाहू. घर मुलाला बक्षीस द्यायचंच असेल, तर 'सांभाळ करील' ही अट त्यात लिहून घ्यावी. ती मोडल्यास कलम २३ खाली व्यवहार रद्द करून मागता येतो. हे साठीनंतर नव्हे, तिशीतच शिकायला हवं.