मधपेट्या गावात आल्या, पण राणीमाशीला नर कुठून मिळणार?

आर्णीसारख्या कापूस-तुरीच्या तालुक्यात शेतकऱ्याला हमखास सुचवला जाणारा जोडधंदा म्हणजे मधमाशीपालन. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत त्यासाठी ५० टक्के अनुदान मिळतं. सातारा जिल्ह्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरल्यापासून या धंद्याची चर्चा वाढली आहे. मात्र चर्चा होते ती पेट्या किती आणि मध किती, याचीच. पेटीतली वसाहत टिकेल का, हे बऱ्याच अंशी राणीमाशीच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं.

एक राणी, अनेक नर

नवी राणी जन्मल्यानंतर साधारण आठवडाभराने बाहेर उडते. मिलन हवेतच होतं. मेलिफेरा जातीची, म्हणजे युरोपियन मधमाशीची राणी मोजक्या उड्डाणांत साधारण १० ते २० नरांशी मिलन करते. नर लगेच मरतो. राणी शुक्राणू पोटातल्या पिशवीत साठवते आणि अंडी घालायला लागल्यावर पुन्हा कधीच मिलन करत नाही. म्हणजे पेटीतल्या हजारो कामकरी माशा एकाच आईच्या, पण अनेक बापांच्या असतात.

याचा उपयोग काय? पोळ्यातल्या पिल्लांना ३४-३५ अंश तापमान लागतं. उकाडा वाढला की कामकरी माशा पंखांनी वारा घालतात. प्रत्येक बापाच्या लेकी थोड्या वेगळ्या तापमानाला कामाला लागतात, त्यामुळे तापमान स्थिर राहतं. सगळ्या एकाच बापाच्या असतील तर सगळ्या एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. विदर्भातल्या मे महिन्यात हा फरक किरकोळ नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अनेक बापांच्या वसाहतींनी जास्त अन्न साठवलं आणि हिवाळ्यात त्याच जास्त तगल्या.

भाऊच नर असला तर?

मधमाशीत मादी की नर, हे एका जनुकावरून ठरतं. फलित अंड्यात त्या जनुकाचे दोन वेगळे प्रकार आले तर मादी. दोन्ही सारखे आले तर निरुपयोगी नर तयार होतो आणि कामकरी माशा ती अळी खाऊन टाकतात. राणीचं मिलन भावाशी झालं तर प्रकार जुळण्याची शक्यता निम्मी. जुळले, की त्या नराच्या वाट्याची निम्मी फलित अंडी वाया. फ्रेमवर पिल्लांची घरं चाळणीसारखी विरळ दिसतात आणि दोष जातो रोगाला.

आर्णी परिसरातल्या एखाद्या गावात एक-दोन मूळ वसाहती फोडून दहा मेलिफेरा पेट्या केल्या, तर आसपासचे बहुतेक नर एकमेकांचे भाऊबंदच असणार. आपल्या देशी सातेरीचे नर इथे कामाचे नाहीत, जात वेगळी असल्याने प्रजा होत नाही. त्यात कपाशीवरची फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात तिने शेतकरी आणि शेतमजुरांचेच बळी घेतले, माशांची मोजदाद कोण ठेवणार? अशक्त झालेली वसाहत आधी नर वाढवणं बंद करते.

म्हणून पेट्या विखरून वाटण्यापेक्षा शेजारच्या गावांत एकत्रित आणि वेगवेगळ्या मूळ राण्यांच्या देणं शहाणपणाचं. पेटी घेताना शेतकऱ्याने ‘राणी कुठली?’ हे विचारायलाच हवं. पण लांबून आणलेल्या वसाहतीबरोबर रोगही येतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातल्या बहुसंख्य सातेरी वसाहती संपवल्या होत्या. बाहेरची राणी आणावी, पण तपासलेल्या पेटीतूनच.