स्वस्तातली स्पोर्ट्स गाडी, महागातला धडा आणि सरकारचा हिशोब

मंडळी, गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एक नवीन गोष्ट दिसायला लागलीय. दोन दारी, बुटकी, जमिनीला टेकलेली परदेशी ब्रँडची कूपे गाडी. आत जेमतेम दोन माणसं बसतात. नवीन असताना चाळीस-पन्नास लाखांची असलेली ही गाडी आता दहा-बारा लाखांत मिळते. म्हणजे चांगल्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत. पोरं घेतात, रील टाकतात, आणि सहा महिन्यांनी तीच गाडी गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली उभी असते.

यावर गावात दोन प्रतिक्रिया असतात. एक, "बापाचा पैसा उडवला." दोन, "असल्या जुन्या गाड्यांवर बंदीच घाला." मला दोन्ही पटत नाहीत. पोराला गाडीची आवड असणं हा गुन्हा नाही. व्यसनात पैसा घालण्यापेक्षा स्पॅनर हातात घेणारा पोरगा कधीही बरा. पण हिशोब दोघांनाही शिकायला लागेल, पोरांनाही आणि सरकारलाही.

आधी पोरांचा हिशोब.

या गाड्या स्वस्त का मिळतात? बऱ्याच दिल्लीकडून येतात. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढं त्यात उलटसुलट आदेश झाले, पण बाजारभाव तेव्हाच पडला. मग एनओसी काढून गाड्या दुसऱ्या राज्यात जातात. यात गैर काही नाही. दहावा वाढदिवस झाला म्हणून कुठलीच गाडी रातोरात खराब होत नाही.

पण एक गोष्ट एजंट सांगत नाही. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. बारा लाखांत घेतली तरी बिघडल्यावर ती पन्नास लाखांच्या गाडीसारखीच बिल देते. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदललं नसेल तर पुढचा खर्च लाखात जातो. टायमिंग बेल्ट तुटला तर बहुतेक आधुनिक इंजिनांत व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिनच खोलावं लागतं. म्हणून माझं साधं म्हणणं आहे: दहा लाख खिशात असतील तर सात लाखांचीच गाडी बघा. उरलेले तीन तिचेच आहेत, पहिल्या वर्षातच ती मागून घेईल.

गाडी घेतल्यावर पैसा कुठं लावायचा, याचाही क्रम आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग पळाली पाहिजे, आणि शेवटी दिसली पाहिजे. आपली पोरं उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी स्टिकर, मग सायलेन्सर, आणि ब्रेक पॅड पुढच्या पगाराला.

टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2314 लिहिलं असेल तर तो टायर 2014 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी नवी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. पावसाळ्यात महामार्गावर असल्या टायरवर शंभरचा वेग म्हणजे नशिबाशी जुगार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, ते दोन वर्षांनी बदलायचंच. सस्पेन्शनचे रबरी बुश, कूलंटचे पाइप, प्लॅस्टिकच्या टाक्या या गोष्टी किलोमीटरनं नाही, वयानं मरतात. मीटरवर चाळीस हजार दिसतंय म्हणून भुलू नका.

आणि आपल्या भागात एक तपासणी जास्तीची. 2019 आणि 2021 चा महापूर आपण बघितलाय. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा. गालिचा उचला, सीटच्या पट्टीचे बोल्ट गंजलेत का बघा. मग कागद बघा: चासी नंबर आरसीशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं बाकी आहेत का. दुसऱ्या राज्यातली असेल तर इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग किमतीत धरा. एनओसीच्या भरवशावर वर्षानुवर्षं परराज्याच्या नंबरावर फिरता येत नाही, बारा महिन्यांच्या वर गाडी इथं राहिली की इथला नंबर घ्यावाच लागतो.

आता सरकारचा हिशोब.

पंधरा वर्षांनंतर खासगी कारचं पासिंग पुन्हा करायचं शुल्क आधी 600 रुपये होतं. एप्रिल 2022 पासून ते 5,000 झालं. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारला 10,000 केलं, आणि आयात केलेल्या चारचाकीला 80,000. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडं गाडी 50 वर्षांची झाली की 'व्हिंटेज' म्हणून तिला स्वतंत्र नियम आणि मान. म्हणजे पन्नाशी गाठली तर वारसा, आणि वीस ते पन्नासच्या मधली असेल तर गुन्हेगार! अहो, वीसची गाडी जगू दिली तरच ती पन्नासची होणार ना?

माझा आक्षेप शुल्काला नाही, निकषाला आहे. हे शुल्क गाडीचं वय बघतं, तब्येत बघत नाही. दर महिन्याला निगा राखलेली वीस वर्षांची कार आणि ब्रेक न लागणारी वीस वर्षांची कार, दोघींना पावती सारखीच. मग निगा राखणाऱ्याला बक्षीस काय? वय मोजायला कॅलेंडर पुरतं. ब्रेक, धूर, टायर, हेडलाइट मोजायला यंत्र आणि माणूस लागतो, आणि तिथंच आपण कमी पडतोय. पीयूसीचा कागद आपल्याकडं कसा मिळतो हे मी लिहायला नको.

सायलेन्सरचंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं. आवाज काढत फिरणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे, दवाखान्यासमोर झोपलेल्या पेशंटला विचारा. पण चौकात सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला की फोटो चांगला येतो. गुळगुळीत टायरवर रोलर फिरवलेला फोटो मी आजवर बघितलेला नाही. माणूस कशानं मरतो? आवाजानं की टायरनं?

तिसरी गोष्ट आपल्या उसाशी जोडलेली आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्या कारखान्यांना आणि शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, त्याला माझा विरोध नाही. पण जुन्या गाड्यांच्या इंधन नळ्या आणि रबरी सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. जुन्या गाडीवाल्यानं ते तपासून, गरज पडली तर बदलून घ्यावेत, हे पंपावर एका फलकावर लिहायला किती खर्च येतो?

आणि सगळ्यात महत्त्वाचा माणूस या चर्चेत कुठंच नाही. मेस्त्री. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, पण ती आजही गावोगावी चालते ती मेस्त्रीमुळं. सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची, रेनोचं इंजिन असलेली दोन सीटर भारतातच बनायची, आजच्या पोरांना नावही माहीत नसेल. असल्या गाड्या कंपनीच्या नाही, लेथवाल्याच्या जिवावर जगतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुश दाखवला की बुश बनवून देणारे हात अजून आहेत. पण आजची गाडी स्पॅनरनं उघडते आणि सॉफ्टवेअरनं बंद होते. स्कॅनर, कोड, मॅन्युअल कंपनीच्या कुलपात. स्पेअर पार्ट आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं. 2022 मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. आमच्या तालुक्याच्या गॅरेजपर्यंत त्यातलं काय पोचलं? काहीही नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पासिंगचं शुल्क तपासणीच्या निकालावर ठरवा, गाडी उत्तम असेल तर कमी, नापास असेल तर रस्त्यावर नको. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती वाजवी दरात स्वतंत्र गॅरेजला द्यावी, आणि ते कायद्यानं बंधनकारक करा. आपल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना स्कॅनर आणि ड्युअल क्लच हाताळायला मिळू दे. आज ती पोरं पुण्यात जाऊन वॉशिंग सेंटरला लागतात, आणि इथं गाड्या ताडपत्रीखाली सडतात.

आणि पोरांनो, तुम्हाला एवढंच. घ्या गाडी, हौस करा. पण पहिल्या दिवशी रील टाकू नका, पहिल्या दिवशी ब्रेक खोलून बघा. सायलेन्सरचे पैसे टायरला घाला. गाडी पळते हे दाखवायला सगळेच तयार असतात. ती वेळेला थांबते का, हे घरी वाट बघणाऱ्या आईला जास्त महत्त्वाचं असतं.