मावशी गाडीतून उतरत का नाही?

गणपतीपुळ्याहून किनाऱ्याच्या रस्त्यानं रत्नागिरीकडे निघालं की आरे-वारे लागतं. चढावर खाली अख्खा समुद्र दिसतो आणि सगळे कॅमेरे घेऊन बाहेर! एखादी मावशी मात्र आतच. "तुम्ही या रे बघून, मी बरी इथे." सकाळपासून पाणीसुद्धा घोटभरच प्यायलेली. आपण म्हणतो, वय झालं.

कधीकधी कारण वेगळंच असतं. चढताना, खोकताना, हसताना लघवी निसटते. किंवा लागली की थांबवतच नाही, आणि वाटेत बाथरूम कुठे ते माहीत नाही. हे कोण सांगणार, आणि कुणाला?

माझं मत विचाराल तर 'वयाचा भाग' म्हणून हे सोडून देऊ नये. यावर उपाय आहेत. फक्त सुरुवात मशीननं करू नका. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपण पडलो आयटीवाले. 'इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन', 'बायोफीडबॅक' असलं काही दिसलं की लगेच ऑर्डर!

मुळात ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती मूत्राशय तोलून धरते. बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठता यांनी ती सैल पडते. बायोफीडबॅक म्हणजे आपला डीबगर: आत सेन्सर, स्नायू आवळला की स्क्रीनवर रेघ वर. डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा त्यांच्याकडेही दाब मोजणारं उपकरण होतंच. स्टिम्युलेशनमध्ये सौम्य करंट देऊन स्नायू बाहेरून आवळला जातो. घाईच्या तक्रारीसाठी घोट्याजवळच्या नसेलाही करंट देतात, बहुधा आठवड्यातून एकदा अर्धा तास, असं १२ वेळा.

आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. निम्म्यांना शिकवून करून घेतलेला व्यायाम, निम्म्यांना तोच व्यायाम अधिक बायोफीडबॅक. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही! तिथल्या 'नाइस' संस्थेच्या २०१९ च्या सूचनाही हेच म्हणतात: आधी देखरेखीखाली किमान ३ महिने व्यायाम, दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ दा आवळणं. मशीनचा विचार कुणासाठी? ज्यांना तो स्नायू आवळताच येत नाही त्यांच्यासाठी.

म्हणजे मशीन वाईट नाही, पण ते दुसऱ्या पायरीवर. पहिली पायरी म्हणजे शिकवणारं माणूस. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरॉलॉजिस्टकडून तपासणी (लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर अजिबात थांबू नका), मग या स्नायूंचं काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट. गरोदरपणात किंवा पेसमेकर असताना मनानं करंट घ्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

व्यायामाला ना वीज लागते ना जिमची फी. आडवा येतो तो संकोच. आणि तो मोडायची जबाबदारी आईवर, मावशीवर का टाकायची? विषय आपणच काढू या की. अगदीच जीभ रेटत नसेल, तर याची प्रिंट काढून टेबलावर ठेवा.