बाटलीतलं संत्रं

सौंसरहून पांढुर्ण्याकडे निघालं की संत्र्याच्या बागा लागतात. बहराच्या दिवसांत इथला माल क्रेट भरभरून बाहेरगावी जातो. आणि ज्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर हे फळ पिकतं, त्यांच्या फ्रिजमध्ये संत्र्याच्या रंगाची बाटली उभी असते! तिच्यामागं बारीक अक्षरांत कित्येकदा लिहिलेलंच असतं की यात फळ नाही. कंपनी खरं सांगते हो, वाचत आपण नाही.

आपण म्हणजे कोण? पाणी दुहेरी कापडानं गाळल्याशिवाय तोंडाला न लावणाऱ्या बायका. हॉटेलात वेटरला ‘कांदा-लसूण नाही ना, बटाटा नाही ना’ म्हणून तीनदा विचारणाऱ्या. मध वर्ज्य, कंदमूळ वर्ज्य. पण बाटलीवर हिरवा ठिपका दिसला की आपली सगळी चौकशी संपते. त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की वस्तू शाकाहारी आहे. साखर किती आणि रंग कुठला, हे सांगायला तो नाहीच. 250 मिलीच्या ठंड्याच्या बाटलीत साधारण 26 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-साडेसहा चमचे. मोठ्या माणसानंही दिवसभरात वरची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते आहे. इथं पाच वर्षांचं लेकरू एका बैठकीत तेवढी पितं, आणि आपण कौतुकानं फोटो काढतो.

‘आम्ही ठंडा देतच नाही, दुधात पावडर घालतो,’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनाही मी सोडणार नाही. 10 एप्रिल 2024 ला केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की बोर्नव्हिटा आणि तशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा. कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची गोष्टच नाही! आदल्या वर्षी गाजावाजा झाल्यावर कंपनीनं साखर कमी केली, ती 100 ग्रॅमला 37.4 वरून 32.2 ग्रॅमवर. म्हणजे अजूनही डब्याचा जवळपास तिसरा हिस्सा साखरच. त्याच साली जूनमध्ये पाणी घालून पुन्हा बनवलेल्या रसांवरचं ‘100 टक्के फळांचा रस’ हे लिहिणंही अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बंद करायला लावलं.

मग काय द्यावं? अगं, तुझ्या आजीच्या घरी सातू होताच की. गहू धुवून, वाळवून, भाजायचे, सोबत डाळं, थोडी वेलची आणि सुंठ घालून दळायचं. आलं न खाणाऱ्यांनाही सुंठ चालते. पिठाची मर्यादा पाळणाऱ्यांनी थोडं थोडंच दळावं. दोन चमचे पीठ, पेलाभर पाणी, चवीपुरता गूळ. गूळही शेवटी साखरच आहे, तेव्हा ‘गुळाचं आहे’ म्हणून सैल हात नको. पण यानं लेकराचं पोट भरतं, बाटलीनं भरत नाही. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, जेवणाबरोबर ताजं पातळ ताक. संत्र्याचा रस काढायचाच तर बिया काढून काढा आणि लगेच प्यायला द्या. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो, मग पोरं तोंड वाकडं करतात आणि दोष संत्र्याला लागतो. खरं म्हणजे सोलून फोडी हातात द्याव्या, चोथाही पोटात जातो.

‘पोट्टं ऐकतच नाही, काय करू बाई?’ हे मला रोज ऐकू येतं. चार वर्षांचं पोट्टं दुकानात जाऊन पैसे देतं का? बाटली घरात आणतं कोण? मोठी पोरं स्वतः घेतात, ते मान्य. वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकवर ‘मुलांसाठी नाही’ अशी सूचना छापलेली असते. दुकानदारानं नाही दाखवली तर आपण त्यांना एकदा वाचायला लावावी.

मला सगळ्यात जास्त खटकते ती पाठशाळेतली प्रभावना. लेकरं तासभर संयमाचा धडा ऐकतात आणि बाहेर पडताना हातात आंब्याच्या पेयाचं पाकीट, नळीसकट. नळी नालीत, पाकीट रस्त्यावर. दान देणाऱ्यांची भावना चांगली आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की पैसा तोच, वस्तू बदला. ‘इतक्या मुलांचं कोण करत बसेल?’ तर हिशेब सांगते. चाळीस मुलं, पेल्याला 150 मिली, म्हणजे सहा लिटर गाळलेलं पाणी. वीसेक लिंबं, 300 ग्रॅम साखर, थोडं सैंधव. पेल्याला दोन चमच्यांहून कमी साखर येते. दोघी जणींचं अर्ध्या तासाचं काम. संत्र्याच्या दिवसांत तर तेही नको, प्रत्येकाला एक संत्रं द्या. येत्या रविवारी माझी पाळी लावा. पेले पाठशाळेच्या कपाटात स्टीलचे आहेतच, फक्त घासून घ्यावे लागतील.